कूलंटच्या टाकीत टाकलेला डबा

आमची कंपनी चार वर्षं चालली आणि बंद पडली. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते आणि विषय बदलते. विचारणाऱ्यालाही बहुतेक तेवढंच पुरतं. पुण्यात बंद पडलेल्या कंपन्यांची काही टंचाई नाही. पण त्या चार वर्षांत ज्या दोन-तीन माणसांच्या शेजारी उभं राहून मी काम केलं, त्यांच्याबद्दल असं एका वाक्यात सांगून भागत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

त्याआधी अकरा वर्षं मी खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. आठवा मजला, काचेच्या भिंती, चांगली कॉफी. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली की कोणाच्या तरी पडद्यावर एखादा आकडा चुकीचा दिसायचा. मी तो दुपारपर्यंत दुरुस्त करायचे आणि जेवायला जायचे. चूक हातात धरून पाहता येते, तिला तेलाचा वास येतो, हे मला माहीत नव्हतं.

माझा भागीदार इंजिनिअरिंगच्या कॉलेजातला वर्गमित्र. शनिवार पेठेत वाढलेला, इलेक्ट्रॉनिक्समधला, मापन उपकरणांच्या एका कंपनीत नोकरीला. फार कमी बोलायचा, आणि बोलला की आपण उगाच जास्त बोललो असं समोरच्याला वाटायचं. एका रविवारी तो माझ्या घरी आला तो स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन. डब्यात पोळीभाजी नव्हती, एक हिरवं सर्किट बोर्ड होतं.

"हे काय करतं?" मी विचारलं.

"ऐकतं," तो म्हणाला. "पण काय ऐकलं ते त्याला कळत नाही. ते तू शिकवायचं."

कल्पना साधी होती. लेथवर लोखंड फिरत असतं आणि एक टूल ते कापत असतं. त्या टूलच्या टोकाला नखाएवढा एक कठीण तुकडा बसवलेला असतो. कापून कापून तो बोथट होतो. लवकर बदलला तर चांगला तुकडा फुकट जातो. उशिरा बदलला तर तो तुटतो, हातातलं काम बिघडतं, कधीकधी माणसाला लागतंही. मशीनची थरथर मोजून, तो तुकडा जायच्या बेतात आला की लाल दिवा लावायचा, एवढं आमच्या यंत्राचं काम. आम्ही त्याला एक झकास इंग्रजी नाव दिलं होतं. ज्या ज्या शेडमध्ये ते गेलं तिथं सगळे त्याला डबाच म्हणाले, आणि पुढं आम्हीही.

मी नोकरी सोडली. आई म्हणाली, "खराडीतली खुर्ची टोचत होती का?" त्यावर मी जे काही बोलले ते तिला पटलं नाही, मला मात्र पटलं होतं.

सगळ्यात आधी हवं होतं एखादं खरं मशीन, खऱ्या कामावर चालणारं. कॉलेजच्या वर्कशॉपमधलं नको, असं भागीदाराचं म्हणणं. आम्ही महिनाभर शेड्स पालथ्या घातल्या. बहुतेक ठिकाणी चहा मिळाला आणि नकार मिळाला. हडपसरला एका शेडच्या मालकांनी मात्र आमचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या वडिलांचा तिथं ऊस होता. आता तिथं पत्र्याच्या तीन शेड होत्या, दोन भाड्यानं दिलेल्या आणि एकीत त्यांची स्वतःची सहा सीएनसी मशीन, म्हणजे संगणकावर चालणारी लेथ. पंपांचे शाफ्ट बनवायचे.

"लावा," ते म्हणाले. "फकस्त मशीन बंद न्हाई पडलं पायजे. आन ताई, तुमाला काय लागंल ते मामांना इचारा. ह्या मशीनचं मला कळत न्हाई तेवढं त्यांना कळतं."

मामा म्हणजे त्यांचे सगळ्यात जुने ऑपरेटर. वाशीमकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि इथलेच झाले, पण बोलणं तिकडचंच राहिलं. बुटके, निळ्या कोटाच्या खिशात माप घ्यायचा एक व्हर्निअर आणि एक कंगवा. आम्ही काय करणार आहोत ते मी त्यांना समजावून सांगायला लागले. पाचेक मिनिटं त्यांनी ऐकलं, मग मशीनच्या दारावर तळहात सपाट टेकवला आणि म्हणाले, "आता तीन पीस होतीन. चौथ्याले टूल बदलाचं."

तीन शाफ्ट झाले. चौथ्याला त्यांनी मशीन थांबवलं, तो तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि भिंग दिलं. त्याची कड खरवडल्यासारखी झाली होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज जाड होते," ते म्हणाले. "हाताले बी लागते. सांगता नाई येत, पण समजते."

पुढचे पाच महिने मी रोज त्या शेडमध्ये बसले. माझ्या मांडीवर लॅपटॉप, कानात मशीनचा आवाज. मामांनी "आता" म्हटलं की मी एक बटण दाबायचे, आणि "गेलं" म्हटलं की दुसरं. आमच्या डब्याला जी अक्कल आली ती अशी, बटणाबटणानं, एका माणसाच्या हातातून आली. प्रोग्रॅम मी लिहिला हे खरं. पण त्यात भरायचं काय, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

दुसऱ्या महिन्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "मॅडम, हे सगळं याले शिकून झालं, की मंग माझं काय काम?"

ह्या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. गुंतवणूकदारांना द्यायची उत्तरं तोंडपाठ होती. ती इथं चालली नसती. मी म्हणाले, "मला माहीत नाही, मामा. मला वाटतं तुमची गरज राहील. पण मी खात्री देऊ शकत नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "मी एका टायमाले एकाच मशीनचं ऐकतो. बाकी पाचाजवळ हे नवीन पोट्टे उभे असतात, त्याईले अजून ऐकू नाई येत. मागच्या साली एकाच्या डोळ्याजवळ तुकडा लागला. शिकवा त्याले." आणि दुपारी पुन्हा "आता", "गेलं" सुरू. त्यांनी हातचं राखून काही ठेवलं असतं तर मला कळलंही नसतं. ठेवलं नाही. मी आजवर जितक्या शहाण्या माणसांबरोबर काम केलं त्यांत इतक्या सहजपणे आपलं कसब दुसऱ्याच्या हवाली करणारा दुसरा पाहिला नाही.

पाच महिन्यांनी डबा मामांच्या बरोबरीनं सांगायला लागला. बरोबरीनं म्हणजे दहापैकी नऊ वेळा. दहाव्या वेळी मामा बरोबर असायचे. मालकांनी सहाही मशीनवर डबे लावून घेतले. त्यांच्या ओळखीनं आणखी शेड मिळाल्या. आमच्याकडं पाहून लोक मान डोलवायला लागले, एका ठिकाणी भाषणालाही बोलावलं.

तोपर्यंत आमचे डबे पत्र्याचे होते, ओळखीच्या एका कारागिराकडून वाकवून घेतलेले. जड, आणि पत्र्यातून वायरलेस सिग्नल नीट बाहेर पडायचा नाही. मोठ्या संख्येनं बनवायचं तर प्लास्टिकचा डबा हवा होता. भागीदारानं त्यावर तीन महिने घालवले. मजबूत, पारदर्शक झाकणाचा, कोपऱ्यात चार स्क्रू, आत रबराची पट्टी. साचा बनवून घेतला. पहिले नग हातात आले तेव्हा तो मोठा खूश होता. खूश झाला की तो चष्मा पुसायचा, त्या दिवशी चार वेळा पुसला. पाण्याची चाचणी झाली, धुळीची झाली, तसं प्रमाणपत्र मिळालं.

आम्ही तो डबा मामांना दाखवायला नेला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, नख मारून वाजवला, नाकाशी नेला.

"चांगला हाय," ते म्हणाले. "एक मले द्या."

मला वाटलं घरी दाखवायला हवा असेल. त्यांनी चारही स्क्रू नीट आवळले, डब्याला तार बांधली आणि तो मशीनच्या मागं कूलंटच्या टाकीत सोडून दिला. कूलंट म्हणजे कापताना टूलवर सतत ओतायचं ते दुधासारखं पांढरं, तेल मिसळलेलं पाणी. मशीनच्या आसपास ते सगळीकडं असतं. हवेत उडतं, कपड्यांना लागतं.

भागीदारानं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. "मामा, पाण्यात अर्धा तास बुडवून झालंय ह्याचं."

"पाण्याचं झालं," मामा म्हणाले. "पण आमच्याइथं नुसतं पाणी नसते, साहेब. अन् अर्धा तास बी नसते."

भागीदार हसला. मीही हसले. तो कागद मामांनी वाचला, घडी केली आणि आदबीनं परत दिला.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत आम्ही तीनशे डबे बनवून घेतले आणि साठ लावले, वेगवेगळ्या तेरा शेडमध्ये. ह्याच दिवसांत मोठे गुंतवणूकदार येणार होते. गुरुवारी बैठक, आणि सोमवारी सकाळी मामांचा फोन आला. भागीदाराचा लागला नाही म्हणून मला केला होता.

"मॅडम, डबा फुटला."

"कुठल्या मशीनचा?"

"मशीनचा नाई. टाकीतला. स्क्रूच्या भोकापासून चीर गेली, बोटभर लांब. आतमदी कूलंट गेलं. दुसऱ्या भोकाले बी सुरुवात झाली हाय."

"बरं मामा," मी म्हणाले. "सांगते त्याला."

सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी खरंच विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा भागीदार समोरच बसला होता, गुरुवारसाठी चित्रं काढत. मी तोंड उघडलं आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. साठ डबे लागलेले, बाकीचे खोक्यांत रचलेले. मी स्वतःला समजावलं की टाकीत बुडवून ठेवलेला डबा आणि मशीनवर लावलेला डबा ह्यांत फरक आहे. मशीनवर फक्त तुषार उडतात. समजूत तशी तर्कशुद्ध होती. गुरुवारची बैठक छान झाली. गुंतवणूकदारांनी आणखी एक बैठक मागितली. मग मी त्या बैठकीपर्यंत थांबायचं ठरवलं.

तीन आठवड्यांनी सासवड रस्त्यावरच्या एका शेडमधून फोन आला. डब्यावर हिरवा दिवा होता, म्हणजे सगळं ठीक, आणि टूल तुटलं. फिरतं जॉब, म्हणजे कापायला लावलेलं लोखंड, पकडीतून सुटून मशीनच्या दाराच्या काचेवर आदळलं. ऑपरेटर त्याच वेळी माप घ्यायला बाजूच्या टेबलाकडं वळला होता, म्हणून वाचला.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या काचेला मधोमध जाळं पडलं होतं. ऑपरेटर स्टुलावर बसून पाणी पीत होता. भागीदार आधी त्याच्याजवळ गेला, त्याच्याशी खाली बसून बोलला. मग मशीनवरचा डबा काढला आणि तिरका केला. आतून पांढरं पाणी ओघळलं. स्क्रूच्या भोकापासून बारीक चीर गेली होती.

"असं कसं झालं?" तो स्वतःशीच म्हणाला.

"मामांनी फोन केला होता," मी म्हणाले. "टाकीतला डबा असाच फुटला म्हणून."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

त्यानं डबा टेबलावर ठेवला. रागानं नाही, हळूच, जणू तो अजून चांगला असल्यासारखा. माझ्याकडं पाहिलं. मी वाट पाहत होते की तो काहीतरी लागेल असं बोलेल. त्याला ते उत्तम जमायचं. तो म्हणाला, "शेडची यादी तुझ्याकडं आहे ना? दे."

शेडबाहेर स्कूटरला टेकून त्यानं उरलेल्या बाराही शेडना फोन केले. मी शेजारी उभी होते. प्रत्येक ठिकाणी साधारण तेच बोलला: "आमच्या दिव्यावर विसंबू नका. डबा बंद करून ठेवा, आम्ही येऊन काढतो. हो, बनवण्यात चूक झाली आहे. चूक आमची आहे." बारा वेळा "आमची". एकदाही त्याचा शब्द घसरला नाही, आवाजसुद्धा नाही. ऊन चढलं होतं, तो घामानं भिजला होता. सहाव्या-सातव्या फोनवर पलीकडचा माणूस बराच वेळ ओरडत होता; त्याचं बोलून होईपर्यंत भागीदारानं ऐकून घेतलं आणि मग "बरोबर आहे आपलं" एवढंच म्हणाला.

फोन संपले. त्यानं हेल्मेट घातलं. "चल, मामांकडं."

मामांनी तो फुटका डबा वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवला होता. वर पेन्सिलीनं टाकीत सोडल्याची आणि काढल्याची तारीख लिहिलेली. भागीदारानं तो पाहिला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही सांगत होतात आणि मी तुम्हाला कागद दाखवला. माफ करा."

"कागद काई खोटा नव्हता, साहेब," मामा म्हणाले. "पाण्याचा होता. तेलाचा कोनी मागतलाच नाई."

मग मी बोलले. "मामा, तुमचा फोन मी ह्याला सांगितला नव्हता. त्याला आज कळलं."

मामांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "यायले सांगतलं असतं तर हे दुसऱ्या दिवशी आले असते."

ह्यात टोचायचा हेतू नव्हता. त्यांना आवाजावरून टूल कळायचं तसं हेही कळलं होतं, एवढंच.

नंतर कळलं की त्या प्लास्टिकला तसल्या तेलाची बाधा होते, विशेषतः जिथं स्क्रूनं ताण येतो तिथं. ते जाड पुस्तकांत लिहिलेलं होतं. भागीदार पुढं कितीदा तरी म्हणाला, "ते मला ठाऊक असायला हवं होतं." पण मामांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. जिथं वस्तू राहणार तिथं ती ठेवून पाहायची आणि वाट पाहायची, इतकं साधं त्यांनी केलं, आणि तेवढं आम्हा दोन शिकलेल्यांना सुचलं नव्हतं.

"मंग आता काय कराचं?" मामांनीच विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता कोपऱ्यातून अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा आणून टेबलावर ठेवला.

मालकांनी रविवारी मशीन दिलं. "रिकामंच असतंय. वापरा. जाताना झाडून घ्या म्हंजी झालं." मामांनी दोन रविवार खपून ठोकळ्यातून डबा कोरून काढला. भागीदार शेजारी वहीत आकृती काढत होता, आणि ते दोघं ज्या रीतीनं बोलत होते ते पाहायला मला फार आवडायचं. तो म्हणायचा, "इथं दोन मिलिमीटर पुरेल." मामा म्हणायचे, "हातोडी पडली तं?" तो खोडून तीन करायचा. सिग्नलसाठी एका बाजूला छोटी खिडकी ठेवली, ती रबरानं बंद केली. स्क्रू खालच्या बाजूला नेले, म्हणजे वरून पडणारं कूलंट भोकांत साचणार नाही. हेही मामांचं. झाडायचं काम माझ्याकडं. धातूचा कीस सुपलीत भरून मी पिंपात टाकत असे, आणि त्या कामात मला बरं वाटायचं.

तो डबा टाकीत महिने-महिने राहिला. काही झालं नाही. बाहेर काढला, पुसला, चालू केला. पहिल्या झटक्यात सुरू झाला.

वस्तू उत्तम झाली, आणि कंपनी संपली. एक डबा असा कोरायला अर्धा दिवस लागतो. तो साच्यात ओतून घ्यायचा तर पुन्हा पहिल्यापासून सगळं उभं करावं लागणार होतं. गुंतवणूकदारांना आम्ही काच फुटल्याचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी सौजन्यानं ऐकलं आणि पुन्हा भेटले नाहीत. सासवड रस्त्यावरच्या मालकांना नवा डबा दाखवायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "वस्तू चांगली आहे, दिसतंय मला. राग नाही तुमच्यावर. पण माझा माणूस वाचला ते नशिबानं. पुन्हा नको." त्यांच्याशी वाद घालण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं.

शनिवार पेठेत भागीदाराच्या घरी बसून आम्ही बंद करायचं ठरवलं. त्याचे वडील आतून बाहेर आले, आम्हा दोघांचे चेहरे पाहिले. "म्हणजे आता हा दिवसा घरी दिसणार?" ते म्हणाले आणि चहा टाकायला स्वतः आत गेले. त्या घरात कोणी कोणाचं सांत्वन करत नसे, पण वडिलांना चहा करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डबे लोकांनी आधीच बंद करून ठेवले होते. ते काढून टाका असं फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. भागीदार म्हणाला, "लावले आपण, काढायचेही आपण." माझ्या गाडीतून आम्ही तेराही शेड फिरलो. त्यानं बरोबर रंगाचे तीन लहान डबे घेतले होते, मशीनना असतात तसे हिरवा, करडा आणि फिकट पिवळा. डबा काढला की मशीनच्या अंगावर चार भोकं राहायची. तो ती भरायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, त्यावर बारीक कुंचल्यानं रंग लावायचा आणि फुंकर मारून वाळवायचा.

एका शेडमध्ये ऑपरेटरनं विचारलं, "साहेब, एवढं कशाला? कोण बघतंय तिथं?"

"गंज बघतो," तो म्हणाला.

साठ डबे, चार-चार भोकं. मी काही ठिकाणी कंटाळले, खरं सांगते. तो शेवटच्या भोकालाही पहिल्याइतकाच वेळ देत होता. कंपनी उभी करताना त्याच्याबद्दल मला जेवढा आदर वाटला नव्हता तेवढा ती मोडताना वाटला.

मामांच्या शेडमधून आम्ही काहीच काढलं नाही. तिथं सहाही मशीनवर जुने पत्र्याचे डबे होते, ते मालकांनी ठेवून घेतले. "नव्या पोरांना उपेगी पडत्यात," ते म्हणाले. आम्ही निघताना मामांनी भागीदाराच्या हातात हात दिला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमी येत राहा. काम नसलं तरी." मी जाते. दोन-तीन महिन्यांतून एकदा, जेवणाच्या सुट्टीत. आता ते नवीन ऑपरेटरना शिकवतात. स्वतः मशीनवर कमी असतात. गुडघे दुखतात म्हणतात.

भागीदार पुन्हा मापन उपकरणांच्या कंपनीत आहे. आम्ही भेटतो, बहुतेक हडपसर आणि शनिवार पेठ ह्यांच्या मध्ये कुठंतरी. त्या तीन आठवड्यांबद्दल त्यानं मला कधीच विचारलं नाही. शेवटी मीच एकदा विषय काढला.

"तू एकदाही विचारलं नाहीस, मी का सांगितलं नाही ते."

त्यानं चष्मा काढला. "का ते माहीत होतं," तो म्हणाला. "गुरुवारची वाट मीही बघत होतो. तू सोमवारी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ह्याचा मी पुष्कळदा विचार केलाय."

"मामा म्हणाले, तू दुसऱ्या दिवशी गेला असतास."

"मामा भले आहेत," तो म्हणाला. "मला तेवढी खात्री नाही."

त्यानं हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल का, हे मी ठरवू शकले नाही. खोटं बोलून बरं वाटवणाऱ्यांतला तो नव्हे. तरीही.

मी आता पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. तिथल्या मशीनचं सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पंपांच्या जुळणीवर काम करणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या, "मॅडम, हातमोजे घातले की तुमचा तो पडदा बोट ओळखत नाही." त्या वेळी मी एका बैठकीला निघाले होते. बैठकीला उशिरा गेले. त्या बाई दोन हातमोजे घेऊन आल्या, एक कोरडा आणि एक ग्रीस लागलेला, आणि आम्ही दोघींनी उभ्या उभ्या पडद्यावरची बटणं एकेक करून दाबून पाहिली. निम्मी चालत नव्हती. मी ती सगळी वहीत लिहून घेतली, खाली त्या बाईंची सही घेतली, आणि वही घेऊन वर बैठकीत गेले.